मिरजेला जाऊन आलो

आमच्याकडं बायका बी 'आलो', 'गेलो' म्हणतात,
बाहेरच्यांना हसू येतंय त्याचं.
तर मी एकटीच गेलो, एसटीनं,
तोंडावर पदर घेऊन, गाडी दारात ठेवून.
राजारामपुरीतल्या डॉक्टरचा कंपाउंडर
माझ्याच वॉर्डातला,
त्याच्या घरात सहा मतं.

फॉर्मवर व्यवसायाचा रकाना होता.
'गृहिणी' लिहिलो.
तीनशे एकवीस मतांनी निवडून आलेली गृहिणी.

डॉक्टरीणबाई माझ्या पोरीच्या वयाची.
म्हणाली, झोप लागते का?
हे मला शेवटी कुणी विचारलं होतं
ह्याचा हिशेब करत बसलो.
मला विचारतात ते वेगळं:
पाणी कधी, गटर कधी, दाखला कधी.
रात्री दीडला फोन,
वैनी, दारात कुत्रं मरून पडलंय.

आणि पहाटे पंचगंगेवर रक्षाविसर्जन.
गेलेलं कुणाच्या ध्यानात राहत न्हाई,
न गेलेलं पाच वर्षं राहतंय.
गेल्या मार्गशीर्षात एकोणीस झाली.
एकोणिसाव्याला कुणाची राख तेच विसरलो,
शेजारच्या बाईला धरून
खरोखरचं रडलो.
लोक म्हणाले, वैनी लई जीव लावणाऱ्या.

मग ती बाटली सांगितलो.
बाजीराव चिले, वय सत्तर,
नळाचं पाणी भरून आणलेलं, चहाच्या रंगाचं.
म्हणाला, पी की.
सगळी गल्ली मोबाईल उगारून उभी.
प्यालो.
पोरांनी शिट्ट्या मारल्या.
चिले एकटा हसला न्हाई,
त्याची नात त्याच आठवड्यात
सीपीआरमधनं घरी आल्ती.
तो खोटा न्हवता, हेच घशात अडकलंय.
तवापासनं चारचौघांत पाणी गिळत न्हाई.
स्टेजवर तांब्या ठेवतात,
ओठ ओले करून सोडतो.

बाईनं वहीत लिहिलं, 'थकले आहे.'
म्हटलो, न्हवं, 'थकलो' लिहा.
'थकले' म्हटलं की दुसऱ्याच कुणाचं वाटतंय.
ती हसली न्हाई.
खोडून लिहिलं तिनं.

बाहेर बाकावर दिनकर सरवडेकर.
तीनशे एकवीस मतांनी पडलेला.
तोंडापुढं पेपर, कालचा.
माझी फाइल कोरी करकरीत,
त्याच्या फाइलीचे कोपरे मऊ पडलेले,
म्हणजे तो पडल्यावर आलेला न्हाई,
निवडून होता तवापासनंच येतोय.
दोघं बी एकदमच म्हटलो,
पाव्हणं ॲडमिट हाईत.

परतीला एकच एसटी.
जयसिंगपुरात त्यानं भडंग घेतलं,
पुडा मधल्या सीटवर ठेवला, उघडा.
बराच वेळ कुणीच हात घातला न्हाई,
मग दोघांनी घातला.
'पहिल्यांदा तोंड कोरडं पडतंय,'
खिडकीबाहेर बघत म्हणाला,
'बडीशेप ठेवायची जवळ.'
हातकणंगल्यापर्यंत एवढंच बोलणं.
तावडे हॉटेललाच उतरला,
स्टँडवर एकत्र दिसलो असतो
तर दोघांची बी पोरं फुटली असती.

संध्याकाळी तालमीपुढं त्याची सभा,
पाण्याच्याच प्रश्नावर.
कर्णा थेट माझ्या चुलीपर्यंत ऐकू येतोय.
बाईला पाण्यातलं काय कळतंय, म्हणाला.
टाळ्या.
आणि मध्येच थांबला.
लोकांना वाटलं असंल, मुद्दा आठवतोय.
मी फोडणीखालचा गॅस बंद केलो,
बडीशेपेचा डबा काढलो,
आणि त्याचं पुढचं वाक्य येईपर्यंत
चघळत उभा ऱ्हायलो.